विश्लेषण : डॉलर, पौंड की रुपया? परदेशी ग्राहकाला ऑनलाइन विकताना किंमत कोणत्या चलनात लावावी?

कोल्हापुरी चपलांचा एक जोड न्यू जर्सीतील ग्राहकाने ऑनलाइन ६० डॉलरला घेतला. त्या दिवशी डॉलरचा भाव ९० रुपये आहे. हिशेब सोपा वाटतो : ५,४०० रुपये. प्रत्यक्षात कोल्हापुरातील विक्रेत्याच्या बँक खात्यात यापेक्षा बरीच कमी रक्कम जमा होते. ती किती कमी असेल, हे फक्त संकेतस्थळाच्या कमिशनवर ठरत नाही. किंमत कोणत्या चलनात लावली, ग्राहकाच्या कार्डावर कोणत्या चलनात रक्कम पडली आणि पैसे बँकेत कोणत्या चलनात आले, यावरही ते ठरते.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये मिलानमधील फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तशाच धाटणीच्या चपला दाखवल्या आणि श्रेय न दिल्यावरून वाद झाला. डिसेंबर २०२५ मध्ये याच कंपनीने महाराष्ट्र आणि कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांशी करार करून भारतात बनवलेले दोन हजार जोड सुमारे ८०० युरोंना विकण्याची योजना जाहीर केली. एवढ्या किमतीत विनिमय दराचे दोन-चार टक्के सहज पचतात. मात्र ६० डॉलरचा जोड, पैठणीचा दुपट्टा किंवा दिवाळीच्या फराळाचा डबा परदेशी पाठवणाऱ्या छोट्या विक्रेत्यासाठी तेच दोन-चार टक्के म्हणजे नफ्याचा मोठा हिस्सा असतो. म्हणूनच चलनाची निवड समजून घेणे गरजेचे ठरते.

चलन एक नाही, तीन

‘कोणत्या चलनात विकायचे’ हा प्रश्न एक वाटला, तरी त्यात तीन वेगळे प्रश्न दडलेले आहेत.

पहिले चलन म्हणजे दिसणारे. ग्राहकाला वस्तूखाली जी किंमत दिसते, ती डॉलरमध्ये आहे की रुपयात? दुसरे चलन आकारणीचे. ग्राहकाने कार्डाचा तपशील भरून ‘पे’ वर बोट ठेवले, की त्याच्या बँकेकडे कोणत्या चलनातील रक्कम मागितली जाते? तिसरे चलन जमा होण्याचे. पेमेंट कंपनी किंवा मार्केटप्लेस विक्रेत्याला पैसे देते ते कोणत्या चलनात?

ही तिन्ही चलने वेगवेगळी असू शकतात. काही संकेतस्थळे किंमत डॉलरमध्ये दाखवतात, पण चेकआउटच्या वेळी रक्कम रुपयात आकारतात. ग्राहकाला ६० डॉलर दिसतात आणि कार्डाच्या स्टेटमेंटवर ६२ डॉलर पडतात. त्याचा समज होतो, की विक्रेत्याने फसवले. वस्तू आवडली तरी हा ग्राहक दुसऱ्यांदा येण्याची शक्यता कमी.

ग्राहक डॉलरमध्ये कमावतो आणि कारागिराला मजुरी रुपयात द्यायची असते. त्यामुळे वाटेत कुठे तरी एकदा चलन बदलावेच लागते. ते बदल कोण करतो, किती वेळा करतो आणि त्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, एवढेच विक्रेत्याला ठरवता येते.

रुपयात किंमत लावली तर?

सुरुवात करणाऱ्या विक्रेत्याला रुपया सुरक्षित वाटतो. कातडे, शिलाई, खोके, कुरिअर असा सगळा खर्च रुपयात. किंमत ५,४०० रुपये लावली की दर वर जावो वा खाली, हाती येणारी रक्कम ठरलेली. विनिमय दराची चिंता नाही.

मात्र ती चिंता नाहीशी झालेली नसते, ती फक्त ग्राहकाकडे सरकलेली असते. न्यू जर्सीतील ग्राहकाला ५,४०० हा आकडा काहीच सांगत नाही. त्याला मनातल्या मनात भागाकार करावा लागतो. शिवाय परदेशी चलनातील व्यवहारावर अनेक बँका कार्डधारकाकडून तीन टक्क्यांच्या आसपास शुल्क घेतात, काही कार्डांवर ते नसते. डॉलर ९० रुपयांना असताना ५,४०० रुपयांचा जोड ६० डॉलरला पडतो, तीन टक्के शुल्क धरले तर ६१.८० डॉलरला. डॉलर ८६ रुपयांवर आला तर तोच जोड शुल्कासह सुमारे ६४.७० डॉलरला जातो. विक्रेत्याने किंमत एका पैशानेही वाढवली नसली तरी ग्राहकाच्या दृष्टीने ती वाढलेली असते.

उलट बाजूही आहे. रुपया घसरून डॉलर ९४ रुपयांना झाला, तर ग्राहकाला जोड स्वस्त पडतो, पण विक्रेत्याला जास्तीचा एक रुपयाही मिळत नाही. त्याच काळात आयात कच्चा माल आणि परदेशी जाहिरातींचा खर्च मात्र वाढलेला असतो.

रुपयात किंमत लावणे काही ठिकाणी योग्यच असते. भूतानचे न्गुल्ट्रम भारतीय रुपयाशी एकास एक बांधलेले आहे. नेपाळी रुपयाचा दर १९९३ पासून एका भारतीय रुपयाला १.६० असा ठरलेला आहे. या दोन देशांतील ग्राहकाला भारतीय रुपयाचा आकडा परका वाटत नाही. भारतातील दुकानातले भाव तोंडपाठ असलेला अनिवासी ग्राहकही रुपयातील किंमत चटकन समजून घेतो. पण दुकान फक्त ओळखीच्या लोकांपुरते ठेवायचे नसेल, तर रुपया लवकरच अपुरा पडतो.

डॉलरमध्ये लावली तर हिशेब कसा बदलतो?

आता तोच जोड ६० डॉलरला विकला असे समजू. चपलेचा उत्पादन खर्च १,८०० रुपये, पॅकिंग १५० आणि कुरिअर १,९०० रुपये गृहीत धरले, तर एकूण खर्च ३,८५० रुपये होतो. मार्केटप्लेस आणि पेमेंटचे शुल्क मिळून १५ टक्के धरू. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत.

डॉलर ९० रुपयांना असताना विक्री ५,४०० रुपयांची होते. १५ टक्के, म्हणजे ८१० रुपये शुल्क आणि ३,८५० रुपये खर्च वजा जाता ७४० रुपये उरतात. डॉलर ८६ वर आला तर उरतात ५३६ रुपये. डॉलर ९४ वर गेला तर ९४४ रुपये. दर साडेचार टक्क्यांच्या आसपास हलला, पण नफा २७ ते २८ टक्क्यांनी हलला. डॉलरच्या भावातील चार रुपयांचा फरक बातमीत किरकोळ वाटतो. ज्याचा नफाच विक्रीच्या १३-१४ टक्के आहे, त्याच्यासाठी तो मोठा असतो.

म्हणजे डॉलरमध्ये किंमत लावली की चढउताराचा धोका विक्रेत्याकडे येतो. त्या बदल्यात ग्राहकाला स्थिर, ओळखीची किंमत मिळते. किरकोळ विक्रीत हा सौदा बहुतेक वेळा परवडतो, कारण धोका सांभाळण्याचे उपाय विक्रेत्याकडे असतात, ग्राहकाकडे नसतात. विक्रेता किंमत बदलू शकतो, थोडी जास्त लावू शकतो, पैसे बदलण्याची वेळही काही मर्यादेत निवडू शकतो. ग्राहकाकडे मात्र एकच उपाय असतो, तो म्हणजे खरेदी न करणे.

‘रुपया घसरला की निर्यातदाराचा फायदा’ हे कितपत खरे?

जानेवारी २०२२ मध्ये डॉलर साधारण ७४-७५ रुपयांना होता. ३ डिसेंबर २०२५ रोजी त्याने प्रथमच ९० रुपयांची पातळी ओलांडली. एवढेच पाहिले तर डॉलरमध्ये विकणारा कायम फायद्यात राहील असे वाटते. मात्र हा प्रवास सरळ रेषेत झालेला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉलर ८८ रुपयांच्या जवळ पोहोचला होता. मेच्या सुरुवातीला तो ८४ रुपयांच्या आसपास उतरला. फेब्रुवारीच्या दराने किंमत ठरवून मे महिन्यात पैसे मिळालेल्या विक्रेत्याला रुपया ‘दीर्घकाळात घसरतो’ या सिद्धान्ताचा काही उपयोग झाला नाही.

दुसरा गैरसमज अधिक महागात पडतो. डॉलर महागला म्हणजे सगळीच परदेशी चलने महागली, असे नसते. २०२२ मध्ये याचा धडा मिळाला. त्या वर्षाच्या सुरुवातीला ब्रिटिश पौंड सुमारे १०० रुपयांना होता. सप्टेंबरमध्ये ब्रिटन सरकारने मोठ्या करकपातीची घोषणा केली आणि २६ सप्टेंबर २०२२ रोजी पौंड डॉलरच्या तुलनेत विक्रमी नीचांकाला, १.०४ डॉलरच्याही खाली गेला. त्या सुमारास एक पौंड ९० रुपयांपेक्षाही कमी भावाने मिळत होता. डॉलर मात्र याच नऊ महिन्यांत ७४-७५ वरून ८१ रुपयांच्या पुढे गेला होता. म्हणजे एकच वस्तू अमेरिकेत डॉलरमध्ये विकणाऱ्याचे उत्पन्न वाढले आणि ब्रिटनमध्ये ५० पौंडांना विकणाऱ्याच्या हाती ५,००० ऐवजी ४,५०० रुपयांहूनही कमी आले. त्याच वर्षी युरोही वीस वर्षांत प्रथमच एका डॉलरच्या खाली उतरला होता.

आखाती देशांचे गणित आणखी वेगळे आहे. संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम १९९७ पासून डॉलरशी ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. सौदी रियालही ३.७५ या दराने डॉलरला जोडलेला आहे. दुबईतील मराठी कुटुंबांना दिरहममध्ये विकणाऱ्याने अमेरिका आणि दुबई अशा दोन बाजारांत धोका वाटून दिला असे समजू नये. चलनाच्या दृष्टीने ते दोन्ही डॉलरचेच बाजार आहेत. पौंड किंवा युरोमध्ये विकले तर मात्र धोका खरोखर विभागला जातो, आणि नवा धोकाही पत्करावा लागतो.

मग सगळ्यांनाच डॉलरमध्ये का विकू नये?

मोठ्या व्यापारात जग तसेच करते. अर्थशास्त्रज्ञ गीता गोपीनाथ यांनी २०१५ मधील शोधनिबंधात दाखवले होते, की भारताच्या सुमारे ८६ टक्के निर्यातीची बिले डॉलरमध्ये होत होती, तर अमेरिकेकडे जाणारा निर्यातीचा वाटा साधारण १५ टक्केच होता. म्हणजे जर्मनीतील किंवा जपानमधील घाऊक खरेदीदारही भारतीय मालाचे पैसे डॉलरमध्ये मोजतो. त्याच्याकडे डॉलरचे खाते असते आणि हिशेब पाहणारी माणसे असतात.

बर्लिनमध्ये मोबाइलवर एक जोड पाहणाऱ्या ग्राहकाकडे यातले काही नसते. त्याला युरोतील अंतिम किंमत हवी असते. त्यातही देशोदेशीच्या पद्धती वेगळ्या. अमेरिकेत दर्शनी किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, तो चेकआउटच्या वेळी वाढतो. युरोप आणि ब्रिटनमध्ये ग्राहकाला व्हॅटसह किंमत पाहण्याची सवय असते. त्यामुळे ६० डॉलरचे युरोत रूपांतर करून तोच आकडा लावला, तर व्हॅटची रक्कम विक्रेत्याच्याच वाट्याला येऊ शकते.

कमी किमतीच्या पार्सलांवरील करनियमांच्या मर्यादाही स्थानिक चलनात ठरलेल्या आहेत. युरोपीय संघात व्हॅटच्या सुलभ नोंदणीसाठी ती १५० युरो आहे, ब्रिटनमध्ये १३५ पौंड. किंमत डॉलरमध्ये असेल तर दर हलल्यावर तीच वस्तू एखाद्या महिन्यात मर्यादेच्या आत आणि पुढच्या महिन्यात बाहेर जाऊ शकते. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना मिळणारी आयातशुल्काची सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली आहे. आता तिथल्या ग्राहकाच्या मनात शुल्क किती लागेल, ही शंका आधीच असते. त्यात चलनाची शंका वाढवणे विक्रेत्याला परवडणारे नाही.

पैसे नेमके गळतात कुठे?

चलनबदलाचा खर्च बिलावर वेगळा लिहिलेला असतोच असे नाही. बहुतेक वेळा तो दरातच लपलेला असतो. बाजारात डॉलर ९० रुपयांना असताना पेमेंट कंपनीने ८८.२० रुपयांचा दर दिला, तर दोन टक्के तिथेच गेले. ‘शुल्क शून्य’ अशी जाहिरात असली तरी हे दोन टक्के जातातच. म्हणून शुल्क विचारण्याआधी दर विचारावा. त्या दिवशीच्या बाजारदरापेक्षा तो किती कमी आहे, हे पाहावे.

खरा फटका दुहेरी बदलाने बसतो. ब्रिटनमधील ग्राहक पौंड देतो, पेमेंट कंपनी त्याचे डॉलर करते आणि मग बँक डॉलरचे रुपये करते. प्रत्येक टप्प्यावर थोडे कापले जाते. एट्सीवर वस्तूची किंमत लावलेले चलन आणि विक्रेत्याच्या पेमेंट खात्याचे चलन वेगळे असेल तर २.५ टक्के रूपांतर शुल्क लागते. त्यापुढे बँकेच्या दरात आणखी दोन टक्के गेले, तर ५,४०० रुपयांच्या विक्रीवर सुमारे २४३ रुपये केवळ चलनबदलात जातात. वरच्या उदाहरणातील ७४० रुपयांच्या नफ्याचा जवळपास एक तृतीयांश भाग असा संपतो.

तिसरी गळती छोट्या रकमांची. बँक परकीय चलन बदलून देते तेव्हा त्या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. एक लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर सेवेचे मूल्य एक टक्का, पण किमान २५० रुपये धरले जाते. म्हणजे रक्कम कितीही लहान असली तरी किमान ४५ रुपये कर. प्रत्येक ६० डॉलर वेगळे बदलून घेतले, तर २० ऑर्डरींवर ९०० रुपये कर जातो. त्याच २० ऑर्डरींचे १,२०० डॉलर एकदम बदलले, तर १,०८,००० रुपयांवर कर होतो सुमारे १८७ रुपये. शिवाय स्विफ्टने पैसे आल्यास मधली बँकही दर वेळी काही डॉलर कापून घेऊ शकते. त्यामुळे पैसे रोज काढण्याऐवजी आठवड्याने किंवा पंधरवड्याने एकत्र काढणे किफायतशीर ठरते.

मार्केटप्लेसवर निवड खरेच हाती असते का?

सगळीकडे नसते. अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकी संकेतस्थळावर किंमत डॉलरमध्ये, ब्रिटनच्या संकेतस्थळावर पौंडात आणि जर्मनीच्या संकेतस्थळावर युरोतच लावावी लागते. तिथे दिसणारे आणि आकारणीचे चलन ठरलेलेच असते. विक्रेत्याच्या हाती तिसरे चलन, म्हणजे पैसे कोणत्या मार्गाने आणि कोणत्या दराने जमा करून घ्यायचे, एवढेच उरते. मार्केटप्लेसच्या स्वतःच्या चलनबदल सेवेने थेट रुपये घ्यायचे, की मान्यताप्राप्त पेमेंट कंपनीमार्फत, याची तुलना करता येते.

स्वतःच्या संकेतस्थळावर तिन्ही चलने निवडता येतात, पण पेमेंट गेटवे काय देतो यावर बरेच अवलंबून असते. गेटवे निवडण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. परदेशी कार्डावर रक्कम खरोखर डॉलर, पौंड किंवा युरोत आकारली जाते, की फक्त तशी दाखवली जाते? रुपयांत बदलताना दर कोणता आणि तो कोणत्या दिवशीचा? रिफंड करताना आधी कापलेले शुल्क परत मिळते का?

कायदा काय सांगतो?

निर्यातीचे बिल रुपयात करण्यास बंदी नाही. मात्र नेपाळ-भूतानसारखे अपवाद आणि रिझर्व्ह बँकेने मान्य केलेले रुपयातील मार्ग सोडले, तर विक्रीचे पैसे परकीय चलनातून आणि अधिकृत मार्गानेच यायला हवेत. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली, म्हणजे फेमाखाली, हे पैसे भारतात आणण्याची मुदत नऊ महिने होती. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये ती १५ महिने केली.

इथे छोटे विक्रेते एक चूक करतात. वस्तू परदेशातील ग्राहकाला विकायची आणि पैसे त्याच्या इथल्या नातेवाइकाकडून यूपीआयने घ्यायचे. व्यवहार सोपा वाटतो, चलनबदलाचा खर्चही वाचतो. पण माल निर्यात म्हणून गेला असेल तर बँकेच्या नोंदीत त्या शिपिंग बिलासमोर परदेशातून आलेली रक्कम दिसत नाही. ते बिल उघडे राहते. निर्यातीवर घेतलेला जीएसटीचा परतावा मुदतीत पैसे न आल्यास व्याजासह परत करावा लागू शकतो. वाचलेल्या दोनशे रुपयांपेक्षा हा त्रास कितीतरी मोठा असतो.

ऑनलाइन निर्यातीचे पैसे आणणाऱ्या पेमेंट कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘पेमेंट अ‍ॅग्रिगेटर - क्रॉस बॉर्डर’ ही व्यवस्था आणली. त्यात वस्तू किंवा सेवेच्या एका नगाची कमाल किंमत २५ लाख रुपये ठेवली आहे. कंपनी या व्यवस्थेत बसते का आणि पैसे आल्याचा पुरावा देते का, हे खाते उघडण्याआधीच पाहावे. निर्यातीसाठी आयात-निर्यात कोड आणि बँकेचा एडी कोडही लागतो.

कागदपत्रांतही चलनाचा संबंध येतो. शिपिंग बिलावर रुपयांतील मूल्य सीमाशुल्क विभागाने जाहीर केलेल्या दराने धरले जाते. बँक मात्र तिच्या त्या दिवशीच्या दराने रुपये देते. त्यामुळे एकाच विक्रीचे रुपयांतील दोन आकडे तयार होतात आणि ते जुळत नाहीत म्हणून अनेक जण घाबरतात. बिल, आकारणी आणि बँकेत आलेली रक्कम एकाच परकीय चलनात असेल, तर डॉलरशी डॉलर जुळवून पाहता येतात आणि फरक फक्त शुल्काचा उरतो. दहा लाख रुपयांपर्यंतच्या शिपिंग बिलांची नोंद निर्यातदाराच्या घोषणापत्रावर बंद करण्याची आणि कमी आलेली रक्कमही त्याच आधारे मान्य करण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये बँकांना दिली. छोट्या विक्रेत्यांनी आपल्या बँकेत याची आवर्जून विचारणा करावी.

डॉलर साठवून ठेवता येतात का?

मर्यादित प्रमाणात येतात. निर्यातदाराला बँकेत ईईएफसी खाते उघडून परकीय चलनातील पूर्ण कमाई त्यात ठेवता येते. त्यावर व्याज मिळत नाही. एका महिन्यात जमा झालेली रक्कम पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत वापरावी किंवा रुपयांत बदलावी लागते. म्हणजे हे खाते डॉलर वाढण्याची वाट पाहण्यासाठी नाही.

त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. विक्रेत्याचा काही खर्चही डॉलरमध्ये असतो. परदेशी सॉफ्टवेअरची वर्गणी, जाहिराती, तिथल्या गोदामाचे भाडे. आलेल्या डॉलरचे रुपये करायचे आणि त्याच आठवड्यात रुपयांचे डॉलर करून हे खर्च भागवायचे, यात दोनदा पैसे जातात. डॉलरचा मान्य खर्च डॉलरच्या कमाईतूनच भागवला तर ते टळते. मोठे निर्यातदार पुढील महिन्यांचा दर आजच बांधून घेण्यासाठी बँकेशी फॉरवर्ड करार करतात. महिन्याला पंधरा-वीस ऑर्डरी असलेल्यासाठी तो सहसा सोयीचा नसतो.

रिफंडचा धोका का विसरला जातो?

कारण तो विक्रीनंतर काही आठवड्यांनी येतो. डॉलर ९० ला असताना ६० डॉलरचा जोड विकला, ५,४०० रुपये धरले गेले. माप बसले नाही म्हणून ग्राहकाने तीन आठवड्यांनी परत केला. दरम्यान डॉलर ९२ झाला. ग्राहकाला पूर्ण ६० डॉलर द्यायचे, म्हणजे ५,५२० रुपये. १२० रुपयांचा फरक आणि न मिळणारे शुल्क विक्रेत्याच्या माथी. चपला, कपडे अशा मापाच्या वस्तूंत परतीचे प्रमाण अधिक असते. त्यामुळे सगळे पैसे लगेच रुपयांत न बदलता, परतीची मुदत संपेपर्यंत काही भाग परकीय चलनातच राहील अशी सोय असल्यास ती वापरावी.

मग किंमत ठरवायची कशी?

सूत्र असे मांडता येते : रुपयांतील खर्च आणि हवा असलेला नफा यांची बेरीज करावी. त्याला विनिमय दराने भागावे. आलेल्या आकड्याला सगळे शुल्क वजा जाऊन उरणाऱ्या वाट्याने पुन्हा भागावे.

इथे दर आजचा घेऊ नये, थोडा कमी घ्यावा. आज डॉलर ९० असेल तर ८७ धरावा. खर्च ३,८५० आणि नफा ७०० मिळून ४,५५० रुपये. मार्केटप्लेस व पेमेंटचे १५ टक्के आणि चलनबदलाचे तीन टक्के मिळून १८ टक्के वजा, म्हणजे उरणारा वाटा ०.८२. गणित केले तर किंमत ६३.७८ डॉलर येते, ती ६४ ठेवता येईल. डॉलर ९० राहिला तर सुमारे ८७३ रुपये उरतील, ८७ झाला तर ७१६ आणि ८४ पर्यंत उतरला तरी ५५८. या किमतीत नफा शून्यावर येण्यासाठी डॉलर ७४ रुपयांच्या खाली जावा लागेल.

पौंड आणि युरोसाठी हेच गणित स्वतंत्रपणे करावे. डॉलरच्या किमतीचे यांत्रिक रूपांतर करू नये, कारण कुरिअरचा दर, व्हॅट आणि परतीचे प्रमाण प्रत्येक बाजारात वेगळे असते. किंमत रोजच्या दराप्रमाणे आपोआप बदलत ठेवण्याची सोय अनेक संकेतस्थळांवर असते. मात्र कार्टमध्ये ठेवलेल्या वस्तूची किंमत दुसऱ्या दिवशी वेगळी दिसली तर ग्राहक बिचकतो. त्यापेक्षा किमतीत धरलेला दर आणि बाजारातील दर यांची महिन्यातून एकदा तुलना करावी. बाजारातील दर धरलेल्या दराच्याही खाली गेला तर किंमत बदलावी.

नव्या विक्रेत्याने सुरुवात कुठून करावी?

ज्या एका देशातून सर्वाधिक मागणी आहे, त्या देशाच्या चलनापासून. बहुतेकांसाठी तो डॉलर असेल, ब्रिटनमध्ये ओळखी असलेल्यांसाठी पौंड. एका चलनात महिन्याला वीस-पंचवीस ऑर्डरी नियमित होऊ लागल्या की दुसरे चलन जोडावे. पाच ऑर्डरींसाठी पाच चलने उघडली तर प्रत्येकात थोडेथोडे पैसे अडकतात, प्रत्येकाचा किमान कर लागतो आणि हिशेब वाढतो.

दुसरी चलने जोडण्याआधी एक चाचणी घेता येते. स्वतःच्या दुकानातून परदेशातील परिचिताला एक खरी ऑर्डर द्यायला सांगावे. त्याला दिसलेली किंमत, त्याच्या कार्डावर पडलेली रक्कम आणि आपल्या खात्यात आलेले रुपये, हे तीन आकडे कागदावर एकाखाली एक लिहावेत. पहिल्या दोन आकड्यांत फरक असेल तर त्याचा त्रास ग्राहकाला होतो आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यांतील फरक बाजारदराने तपासला, की चलनबदलात आणि शुल्कात नेमके किती गेले ते कळते. साठ डॉलरच्या एका जोडामागे कारागीर आणि विक्रेत्याकडे राहणारे पाच-सातशे रुपये टिकवायचे असतील, तर हे तीन आकडे माहीत असायलाच हवेत.